नाव, पत्ता आणि हप्ता

माझा आतेभाऊ गेली बावीस वर्षे बर्मिंगहॅमला राहतो. मूळचा आमच्याच रत्नागिरीकडचा. गेल्या वर्षी त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा तिथली ड्रायव्हिंगची परीक्षा पास झाला आणि त्याने एक जुनी छोटी गाडी घेतली. विम्याचा वर्षाचा हप्ता गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघाला. पोराने मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले, "चाचा, फॉर्मवर नावातलं मोहम्मद काढून टाकलं तर हप्ता कमी होईल का? मित्र म्हणतात, होतो." त्याच्या वडिलांची युक्ती वेगळी होती. गाडीचा मुख्य चालक म्हणून स्वतःचे नाव द्यायचे, मुलाला दुसरा चालक दाखवायचे आणि गाडी मात्र रोज मुलानेच चालवायची.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. विलायतेतल्या विम्याचे मला काय कळणार? पण घरात एखादा बीएड झाला की तो सगळ्याच विषयांचा मास्तर ठरतो. दोन्ही युक्त्या चुकीच्या आहेत, एवढे मी लगेच सांगितले, कारण खोटे ते खोटे. पोराचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. जी वस्तू घेणे कायद्याने सक्तीचे आहे, तिचा भाव माणसाच्या नावावरून ठरतो असे एका मुलाला का वाटावे? उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या विम्याचा इतिहास वाचायला बसलो. तो माझ्या अपेक्षेपेक्षा बराच जुना निघाला. त्यात आपली ओळख लागावी अशी माणसेही भेटली.

सुरुवात एका बाईच्या मृत्यूपासून होते. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारींचे प्रात्यक्षिक सुरू होते. ४४ वर्षांच्या ब्रिजेट ड्रिस्कॉल मुलीबरोबर तिथे आल्या होत्या. मोटारीची धडक बसून त्या गेल्या. ब्रिटनमध्ये पेट्रोलच्या मोटारीखाली सापडून मेलेल्या पादचाऱ्यांत त्यांचे नाव पहिले धरले जाते. ज्युरीने अपघाती मृत्यू असा निकाल दिला. पुन्हा असे कधी घडू नये, अशी आशा चौकशी करणाऱ्या कॉरोनरने व्यक्त केली. त्याच वर्षी पार्लमेंटने मोटारींवरची जुनी बंधने सैल केली. १९०३ च्या कायद्याने गाडीला नंबर आणि चालकाला लायसन्स आले, पण परीक्षा नव्हती. पैसे भरले की लायसन्स हातात.

पुढची पंचवीस-तीस वर्षे रस्त्यावर माणसे मरत राहिली आणि त्यांच्या वारसांची अडचण अशी की भरपाई मागायचा हक्क कागदावर होता, पैसा मात्र कुठेच नव्हता. मृताच्या कुटुंबाला दावा करता येईल असा कायदा १८४६ पासूनच होता. पण धडक देणाऱ्याच्या खिशात काही नसेल तर कोर्टाचा हुकूमनामा भिंतीला लावायचा. धडक देणारा स्वतःच त्या अपघातात मेला तर त्याच्याविरुद्धचा दावाही त्याच्याबरोबर मरायचा, असा इंग्लंडचा जुना दंडक होता. तो १९३४ मध्ये मोडला.

यातली सगळ्यात विचित्र गोष्ट १९२७-२८ च्या एका खटल्यातली आहे. हॅरिंग्टन मोटार कंपनीच्या गाडीने एक माणूस जखमी झाला. तो कोर्टात जिंकला. कंपनीचा विमा होता आणि विमा कंपनीने पैसेही दिले. पण तोवर मोटार कंपनीचे दिवाळे निघाले होते. विम्याची रक्कम लिक्विडेटरच्या हातात गेली आणि कोर्टाने म्हटले की ती आता सगळ्या सावकारांची आहे. जखमी माणसाने इतर देणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहावे. म्हणजे हाडे मोडली एकाची आणि त्या हाडांच्या नावाने आलेला पैसा वाटून घेतला कंपनीला माल पुरवणाऱ्यांनी. न्यायाधीशांनाही हे बरे वाटले नव्हते, पण करारच तसा होता. विमा हा कंपनी आणि मोटारमालक या दोघांमधला व्यवहार होता. जखमी माणूस त्यात कोणीच नव्हता.

१९३० मध्ये दोन कायदे आले. एकाने हे दिवाळ्याचे भोक बुजवले. दुसरा म्हणजे रोड ट्रॅफिक अ‍ॅक्ट. त्याने १ जानेवारी १९३१ पासून दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा, म्हणजे आपण ज्याला थर्ड पार्टी म्हणतो त्याचा, विमा सक्तीचा केला. तेव्हा ब्रिटनमध्ये सुमारे २३ लाख वाहने होती आणि वर्षाला ७ हजारांहून जास्त माणसे रस्त्यावर मरत होती. गंमत अशी की त्याच कायद्याने मोटारींवरची वेगमर्यादाही काढून टाकली. हवे तेवढे पळा, फक्त विमा काढून पळा. चार वर्षांत सरकारला चूक कळली. १९३४ च्या कायद्याने वस्तीत ताशी ३० मैलांची मर्यादा परत आणली आणि चालकाची परीक्षा सुरू केली. विमा कंपन्यांनाही बांधून घेतले. तुमचे आणि तुमच्या गिऱ्हाइकाचे काही भांडण असो, कोर्टाने जखमीला दिलेली रक्कम आधी चुकती करा, असे सांगितले. पुढच्याच वर्षी मंक विरुद्ध वॉरबी या खटल्यात कोर्टाने ठरवले की विमा नसलेल्या माणसाच्या हाती गाडी देणारा मालकही भरपाईला जबाबदार आहे.

तरी एक माणूस उरलाच. ज्याला ठोकणाऱ्याचा विमाच नाही, त्याने कुणाकडे जायचे? त्यासाठी १९४६ मध्ये सर्व मोटार विमा कंपन्यांनी मिळून सरकारशी करार केला आणि मोटर इन्शुरर्स ब्यूरो सुरू झाला. विमा नसलेल्या गाडीने ठोकले तर पैसे ब्यूरो देणार आणि खर्च सगळ्या कंपन्यांत वाटला जाणार. म्हणजे शेवटी तो प्रामाणिकपणे हप्ता भरणाऱ्या प्रत्येकाच्या हप्त्यात जाणार. १९६९ मध्ये ठोकून पळून गेलेल्या आणि कधीच न सापडलेल्या चालकांसाठीही असाच करार झाला.

हे वाचताना मला मदरशातल्या मौलानांनी शिकवलेला एक शब्द आठवला, आकिला. चुकून कुणाचा जीव गेला तर दियत द्यायची, पण ती एकट्या मारणाऱ्याने नाही, त्याच्या आकिलाने, म्हणजे बापाकडच्या नातलगांनी मिळून. हनफी फिकहप्रमाणे ही रक्कम तीन वर्षांत फेडायची. हजरत उमर यांच्या काळात फौजेच्या नोंदवह्या, म्हणजे दिवान, सुरू झाल्या. तेव्हा एका वहीत नाव असलेल्यांना एकमेकांचे आकिला मानले गेले. रक्ताचे नाते नसले तरी चालेल, एका यादीत नाव असणे पुरे. १९४६ चा ब्यूरो मला या दिवानाच्या जवळचा वाटतो. तुलना माझी आहे. इंग्रजांनी ती केली नव्हती, आणि उलेमाही ती लगेच मान्य करणार नाहीत.

विम्याबद्दल आपल्याकडच्या शंका जुन्या आहेत. दमास्कसचे हनफी आलिम इब्न आबिदीन १८३६ मध्ये वारले. व्यापारी जहाजावरच्या मालासाठी जादा पैसे देऊन बुडाल्यास भरपाईची हमी घेतात, या पद्धतीबद्दल त्यांनी लिहिले आणि ती भरपाई घेणे नाजायज ठरवले. शरियतने जी जबाबदारी माणसावर येत नाही ती पैशाच्या बदल्यात अंगावर घेता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. आज कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा गरज म्हणून चालतो, असे अनेक उलेमा सांगतात. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये सलाम नावाने शरियतला धरून मोटार विमा देणारी कंपनी निघाली. २००९ संपायच्या आतच तिने नवे विमे घेणे थांबवले. भांडवल पुरले नाही. नियत चांगली असून विमा चालत नाही, त्याला खोल खिसा लागतो.

इथपर्यंतचा इतिहास जखमीच्या बाजूचा. पार्लमेंट पन्नास वर्षे एकच काम करत होती. रस्त्यावर पडलेल्या माणसाला पैसे मिळायचेच, मग ठोकणारा कंगाल असो, मेलेला असो, पळालेला असो. या कामगिरीला मी मनापासून दाद देतो. पण सक्ती करताना एक गोष्ट बाजारावर सोडली होती. कुणाकडून किती घ्यायचे हे कंपनी ठरवणार. पुतण्याच्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे.

लंडनचा विमा जहाजांवर वाढला. १९०४ मध्ये लॉइड्सच्या बाजारात निघालेली पहिली मोटार पॉलिसीसुद्धा जहाजाच्या पॉलिसीच्या भाषेत लिहिली होती, मोटार म्हणजे जणू जमिनीवर चालणारे जहाज, असे सांगतात. जहाजाबरोबर जहाजाचा नियमही आला. जहाज दूर समुद्रात, कंपनीला काही दिसत नाही, म्हणून विमा काढणाऱ्याने स्वतःहून सगळे सांगितले पाहिजे. कंपनीने विचारले नसले तरी. सुज्ञ विमेवाल्याला महत्त्वाची वाटेल अशी एक गोष्ट राहिली की पॉलिसी रद्द. आता महत्त्वाचे काय, हे ठरवणार कोण? विमेवालाच.

१९२२ चा हॉर्न विरुद्ध पोलंड हा खटला बघा. इथे पोलंड म्हणजे देश नव्हे, लॉइड्सच्या विमेवाल्याचे आडनाव. हॉर्न हा रुमानियात जन्मलेला. बारा वर्षांचा असताना इंग्लंडला आला, तिथेच वाढला, इंग्रजी नाव घेतले, धंदा केला. त्याने घरफोडीचा विमा काढला होता. चोरी झाली, क्लेम केला. विमेवाला म्हणाला, तू परदेशी आहेस हे सांगितले नाहीस. कोर्टाने विमेवाल्याचे म्हणणे उचलून धरले. हा मोटारीचा खटला नाही, पण सांगण्या-न सांगण्याचा नियम सगळ्या विम्यांना एकच होता. पुतण्याने विचारलेला प्रश्न एका रुमानियन मुलाने शंभर वर्षांपूर्वी प्रत्यक्ष करून पाहिला होता, तेही फसवायच्या हेतूने नव्हे. लहानपणी आलेले पोर इंग्रजी नाव घेणारच. पण तेच नाव पुढे त्याच्याविरुद्ध पुरावा झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीज, भारत, पाकिस्तानातून माणसे कामाला आली. त्यांनी गाड्या घेतल्या. १९६७ मध्ये पोलिटिकल अँड इकॉनॉमिक प्लॅनिंग या संस्थेने वर्णभेदाची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. एक गोरा इंग्रज, एक गोरा हंगेरियन आणि एक काळा स्थलांतरित, तिघांची पात्रता सारखी. त्यांना नोकरी मागायला, घर भाड्याने मागायला आणि मोटार विमा मागायलाही पाठवले. मोटार विम्यात बहुतेक ठिकाणी काळ्या माणसाला एकतर नकार मिळाला किंवा जास्त दर सांगितला गेला. हंगेरियनही परदेशीच होता, पण त्याचे एवढे अडले नाही. म्हणजे इथल्या रस्त्यांची सवय नाही, ही सबब पुरी पडत नव्हती. त्या अहवालाने मोठी खळबळ उडाली. १९६५ चा वंशभेदविरोधी कायदा हॉटेल, थिएटर अशा सार्वजनिक जागांपुरताच होता. १९६८ चा नवा कायदा घर, नोकरी आणि सेवांपर्यंत गेला आणि त्यात विम्याचे नाव स्पष्ट लिहिले गेले.

त्याच वर्षांत दुसरा तमाशा चालू होता. मोठ्या कंपन्या आपसात ठरवलेल्या दरपत्रकाने चालायच्या. त्याबाहेर राहून स्वस्त विमा विकणारे बरेच निघाले. त्यात सिलोनमधून आलेल्या एमिल सावुंद्राची फायर, ऑटो अँड मरीन ही कंपनी १९६६ मध्ये बुडाली आणि सुमारे ४ लाख मोटारवाले एका दिवसात विनाविमा झाले. १९६८ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. परदेशी लबाड म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला भरपूर झोडपले, आणि तो लबाड होताच. पण १९७१ मध्ये व्हेइकल अँड जनरल बुडाली तेव्हा सुमारे ८ लाख लोक अडकले. तिथे दोष द्यायला कुणी सिलोनी नव्हता. त्यानंतर १९७५ मध्ये बुडीत कंपन्यांच्या ग्राहकांसाठी कायदा झाला. दरपत्रक तोवर मोडले होते. आता प्रत्येक कंपनी आपापला भाव काढायला मोकळी झाली.

१९८५ मध्ये डायरेक्ट लाइनने एजंटला बाजूला सारून फोनवर विमा विकायला सुरुवात केली. एजंटाच्या डोळ्यांची जागा कॉम्प्युटरने घेतली. वाटले असेल, बरे झाले, यंत्राला रंग दिसत नाही. यंत्राला रंग दिसत नाही हे खरे, पण पोस्टकोड दिसतो. ब्रॅडफर्ड, बर्मिंगहॅम, पूर्व लंडन इथल्या कितीतरी पोस्टकोडमध्ये हप्ता डोळे पांढरे करणारा असतो, आणि तिथे कोण राहते हे मी सांगायला नको. २०१८ च्या जानेवारीत द सन या वर्तमानपत्राने बाकी सगळी माहिती तीच ठेवून फक्त नाव बदलून ऑनलाइन दर मागवले. मोहम्मद नावाला काही ठिकाणी शेकडो पौंड जास्त पडत होते, अशी बातमी पहिल्या पानावर आली. मुसलमानांची बाजू घेण्यासाठी हे वर्तमानपत्र प्रसिद्ध नाही, म्हणून बातमीचे वजन जास्त. आम्ही नावावरून दर लावत नाही, असे कंपन्यांनी सांगितले.

मार्च २०२२ मध्ये सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या संस्थेने जास्त बारकाईने पाहिले. गोरे नसलेले लोक सरासरी वर्षाला २५० पौंड जास्त भरत होते. नावाने थेट फरक पडतो असे काही त्यांना सापडले नाही. फरक वस्तीत होता. जिथे निम्म्याहून जास्त लोक गोरे नाहीत, तिथे राहणाऱ्याला, मग तो स्वतः गोरा का असेना, किमान २८० पौंड जादा पडत. गुन्हे, अपघात, गरिबी ही नेहमीची कारणे लावूनही हिशेब पुरा होत नव्हता. म्हणजे पुतण्याच्या मित्रांचे निम्मे खरे होते. अडथळा नावात नाही, पत्त्यात आहे. नाव एका क्लिकने बदलता येते. पत्ता म्हणजे आईबाप, मशीद, कोपऱ्यावरचे हलाल मटणाचे दुकान.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या म्हणतात, आम्ही माणूस बघत नाही, क्लेम बघतो. क्लेमचा इतिहास वाईट होताच. ब्रेक दाबून मागच्याला मुद्दाम धडकवायचे आणि मान दुखते म्हणून पैसे काढायचे, हा धंदा तिथे टोळ्यांनी चालवला. विमा फसवणूक शोधणाऱ्या ब्यूरोने ज्या शहरांची नावे घेतली त्यात बर्मिंगहॅम आणि ब्रॅडफर्ड होती. वकील, भाड्याने गाड्या देणारे, क्लेमचे दलाल, सगळ्यांनी त्यात हात धुवून घेतले. शेवटी सरकारने मानदुखीचे दरपत्रकच काढले. ३१ मे २०२१ ला ते लागू झाले तेव्हा तीन महिन्यांत बऱ्या होणाऱ्या दुखण्याला २४० पौंड होते. खोट्या माना दुखवणाऱ्यांनी खऱ्या मानांचा भाव पाडला. या टोळ्यांना आपल्या वस्तीने आसरा दिला असेल तर त्याबद्दल आपणच बोलले पाहिजे. पण चार लबाडांचा दंड अख्ख्या पोस्टकोडवर बसवायचा, हा कुठला हिशेब? आकिलाची जबाबदारी भरपाई वाटून घेण्याची असते. इथे वाटणी शेजाऱ्याच्या गुन्ह्याची होत होती, आणि शहराच्या पलीकडच्या टोकाला राहणारा तिच्यातून सुटत होता.

डिसेंबर २०१२ पासून पुरुष आणि बाईला वेगळा दर लावायला युरोपच्या न्यायालयाच्या निकालामुळे बंदी आली. वंशावरून दर लावणे त्याआधीच बेकायदा होते. पण कायदा जे विचारायला मना करतो त्याच्या शेजारचे विचारता येते. बाई आहात का, हे नाही, पण धंदा काय, हे चालते. कुठल्या वंशाचे, हे नाही, पण राहता कुठे, हे चालते.

आपल्या देशाचा धागा इथेच जुळतो. १९३९ चा आपला मोटार वाहन कायदा इंग्रजांच्या १९३० आणि १९३४ च्या कायद्यांवर बेतलेला. त्यातले विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ ला लागू झाले. ब्रिटनमध्ये ब्यूरोचा करारही त्याच तारखेपासून अमलात आला. आपण मात्र एक गोष्ट वेगळी केली. थर्ड पार्टीचा दर आपल्याकडे सरकारी यंत्रणा ठरवते. खासगी गाडीचे इंजिन किती सीसीचे, एवढेच बघितले जाते. मुंब्र्यातल्या आणि डोंबिवलीतल्या सारख्या गाडीला थर्ड पार्टीचा हप्ता सारखा. घर भाड्याने मागताना नाव ऐकून दार लावून घेतलेले मी अनुभवले आहे, पण स्कूटरच्या या विम्याला माझ्या नावाची किंमत कधी पडली नाही. जखमीच्या बाजूने बघितले तर चित्र उलटे. ठोकून पळालेला चालक सापडला नाही तर ब्रिटनचा ब्यूरो साधारण कोर्टाने दिली असती तशी भरपाई काढतो. आपल्याकडे २०२२ पासून अशा मृत्यूला ठरावीक २ लाख रुपये आहेत. आधी तर २५ हजार होते.

पुतण्याला मी काय लिहिले ते सांगतो. २०१३ पासून तिथे न विचारलेले सांगायची सक्ती गेली. विचारलेल्याचे खरे उत्तर द्यायचे, एवढेच. हॉर्नवर आली तशी वेळ आज येऊ नये. पण जाणूनबुजून खोटे लिहिले तर कंपनी पॉलिसी रद्द करते आणि हप्ताही ठेवून घेते. ठोकलेल्या माणसाचे पैसे ती देईल, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यातून तिला सहसा निसटता येत नाही, पण मग ती तुझ्याकडून वसूल करायला येईल. वडिलांच्या नावाने मुख्य चालक दाखवणे हीसुद्धा तिथे फसवणूकच. विनाविमा गाडी पोलीस जागेवर उचलून नेतात.

त्याने गाडीत काळी पेटी बसवून घेतली. ती वेग, ब्रेक, रात्रीचे फिरणे यांची नोंद कंपनीला पाठवते. हप्ता बराच कमी झाला, तरी गाडीच्या किमतीच्या जवळच राहिला. सर्टिफिकेटचा फोटो त्याने मला पाठवला. नाव पूर्ण आहे, मोहम्मदसकट. फक्त स्पेलिंगमध्ये एक एम कमी पडला होता. तो दुरुस्त करून घे, असे मी त्याला लगेच कळवले.